भोपळा डबलसीट

चंद्रपूरहून एकटाच मोटारसायकल काढून मी मुलचेऱ्याकडच्या जंगलात भटकत होतो. वाटेत चाक पंक्चर झालं. सागाखाली टपरी मांडून बसलेल्या पंक्चरवाल्याने ट्यूब पाण्यात बुडवली आणि बुडबुड्यांकडे बघत विचारलं, "कुठी चालले जी?"

"असाच फिरतोय."

त्याने बुडबुडे सोडून माझ्याकडे पाहिलं. "बिनकामाचं कोणी पेट्रोल जाळते काय? पोरगी पाहाले चालले?"

"नाही हो."

"मंग जमीन?"

मी नकारार्थी मान हलवली. त्याला माझी खरोखर कीव आली असावी. त्याने टपरीतून भलामोठा भोपळा आणला आणि जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी मागच्या सीटवर आवळून बांधला.

"मुलचेऱ्याच्या स्टँडवर माह्या बहिणीचं चहाचं दुकान आहे, तिले देजा. अन् ब्रेक हळू मारजा. तो पहिल्यांदाच गाडीवर बसून राह्यला."

पुढे जंगलाच्या नाक्यावर गार्डाने हटकलं, "कुठी?"

सकाळपासून या प्रश्नाला मी चाचरत होतो. आता छाती काढून म्हणालो, "भोपळा पोचवायला."

"मंग थांबले काऊन?" म्हणत त्याने आडवा बांबू वर केला.

मी क्लच अगदी हळू सोडला. मागचा नवखा होता.