रंगूनच्या दाखल्याची मोहर

हे मी आजवर कोणाले सांगितलं नाही. बायकोले नाही, पोराले नाही, देवापुढंही नाही. देवापुढं तं मुद्दामच नाही — तिथं हात जोडून बसलं की लोकाले वाटते, माणूस भला आहे. भला! आग लागो माह्या भलेपणाले.

तुम्ही ऐका फक्त. मधात "जाऊ द्या, होते असं" म्हणू नका. त्याच बोलण्याचा मले राग येते.

भिलाईचा कारखाना उभा होऊन राहिला होता तवाची गोष्ट. भाकरीत, कानात, अंथरुणात — सगळीकडे लाल मुरमाची धूळ. मी ट्रेनिंगच्या ऑफिसात बाबू होतो. रशियाले शिकाले जाणाऱ्याचे कागद माह्या टेबलावरून जात. शेजारच्या झोपडीत डोमाजी राहे. भंडाऱ्याकडचा, माह्याच गावाजवळचा, वेल्डर. पोरवयात मामाच्या मागं रंगूनले गेलता, तिथं जहाजाच्या कारखान्यात काम शिकला. रशियाच्या यादीत त्याचं नाव लागलं तवा त्याची बायको सीताबाई आमच्या खुर्सीपारच्या वस्तीभर गूळ वाटत फिरली.

पण माणूस जिथं जिथं राहिला तिथल्या पोलिसाचा दाखला लागे — याच्यावर गुन्हा नाही म्हणून. इथला मिळाला. रंगूनचा? तिथल्या एका जुन्या मिस्त्रीनं किती खेटे घातले तवा आला. खाली तिथल्या पोलिसाचा कागद, त्यावर तिथल्या सरकारचा, त्यावर आपल्या वकिलातीचा. तिन्ही एका हिरव्या फितीत ओवलेले, अन् गाठीवर लाखेची मोहर. मधला कागद कोणी बदलला नाही, याची ती खूण. मोहर शाबूत तं दाखला खरा, नाही तं रद्दी. सीताबाईनं तो आपल्या लुगड्याच्या घडीत पेटीत जपला, अन् डोमाजीनं तसाच माह्या हाती देल्ला. आता दिल्लीचा शिक्का तेवढा बाकी होता.

अन् मी काय केलं?

आमच्या ऑफिसची रीत — आलेल्या कागदाले दोन भोकं पाडा, नंबर टाका, फाइलीत टॅगनं बांधा. माह्या फाइली साहेब दुसऱ्या बाबूले दाखवत, असं काम होतं माहं. त्या फितीपाई कागद सरळ बसत नव्हते, पंचात जात नव्हते. मले त्या फितीचाच संताप आला. ब्लेड घेतलं, लाख उचकटली, गाठ सोडली. पंच हातात घेतला — अन् मंग ध्यानात आलं. भैताड! नियम तोंडपाठ होता मले! डाकेच्या टेबलावरची लाख वितळवली, फीत परत चिकटवली, धाडून देल्लं.

दिल्लीहून परत आलं. मोहर फोडून पुन्हा लावलेली, कागद संशयाचे. साहेबानं विचारलं, हे कोणं केलं? मी म्हटलं असतं तं फार तं काय झालं असतं? मेमो मिळाला असता. पण मी म्हटलं, "साहेब, त्यानं असंच आणून देल्लं."

डोमाजीचं नाव कटलं. साइटवरचे लोक त्याले "बोगस रंगूनवाला" म्हणाले लागले. दुसरा कागद मागवावा तं तो मिस्त्री तोवर रंगून सोडून गेलता.

इथंच संपलं वाटते? संध्याकाळी डोमाजी माह्या दारात. मले वाटलं, गचांडी धरते आता. त्यानं माहे हात धरले. "भाऊ, मी देल्लं तवा मोहर चांगली होती ना? तुनं पाह्यली ना?"

"मले याद नाही, बापा."

याद नाही! जीभ झडली कशी नाही माही?

मंग त्याले संशय घ्याले एकच माणूस उरलं — सीताबाई. कुडापलीकडून मी सगळं ऐकून राहिलो होतो. "तूच उघडलं असन! कावून उघडलं?" ती पोराची शपथ घे, म्या हात नाही लावला म्हणे. एकदा मले चहा देताना म्हणाली, "भाऊजी, तुमी तरी समजवा ना याईले." मी चहा प्यालो. साखर कमी आहे म्हटलं.

डोमाजीनं तिले कधी मारलं नाही. पण घरात कागद आला की — राशनचा असो, पोराच्या शाळेचा असो — तो तिच्या हाती देत नसे. आमाले पक्के क्वार्टर मिळाले, तिथंही शेजारी शेजारीच, अन् पोस्टमन आला की ती बाई हात मागं घेऊन नवऱ्याले हाक मारे. म्हातारपणी तं मलेच म्हणे, "म्याच उघडलं असन, भाऊजी. मले आता याद नाही." माहेच शब्द, तिच्या तोंडात! अन् मी? घरी जाऊन भरपेट जेवलो त्या दिवशी.

ती गेली तवा तिरडीले पुढचा खांदा माहा होता. लोक म्हणत, सख्ख्या दिरावानी केलं यानं.

मसणातून परतताना डोमाजी माह्या खांद्यावर हात ठेवून चालत होता. म्हणाला, "लई गुणाची होती रे. जन्मात एकच चूक केली तिनं."

मी "हो" म्हटलं.