कांचनला मी वरच्या वर्गात बसवलं

हे मी आजवर कोणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी तर नाहीच — कारण जिच्याबद्दल सांगायचं आहे ती त्याच्या धाकट्या भावाची बायको. माझी जाऊ, कांचन. तुम्हाला सांगते आहे ते एवढ्यासाठीच की तुम्ही तिला ओळखत नाही, आणि मला तोंडावर चार शब्द सुनवायला तुम्ही काही माझ्या दारात येणार नाही. हिंमत आली वगैरे समजू नका.

मी दोह्यातल्या एका कम्युनिटी कॉलेजच्या ऑफिसात आहे. उन्हाळी कोर्स माझ्याकडे असतात. शाळांना सुट्ट्या लागल्या की अर्धं शहर आपापल्या देशात पळतं, आणि मागे उरलेले एसीत बसून कंटाळतात. त्यांच्यासाठी आम्ही केक, एक्सेल, फोटोग्राफी, इंग्रजी संभाषण असं काय काय काढतो. एरवी इंग्रजीच्या वर्गासाठी रीतसर परीक्षा असते. उन्हाळ्यात तेवढी सवड नसते. ऑफिसातलं कोणीतरी समोरच्याशी थोडा वेळ बोलतं आणि ठरवून टाकतं — खालचा वर्ग, मधला की वरचा. ते कोणीतरी म्हणजे मी. माझा अंदाज चुकत नाही असं सगळे म्हणतात. खरंच चुकत नाही. म्हणून तर हे चूक म्हणून खपवता येत नाही.

माझं माहेर नाशिकचं, सासर लातूरकडचं. नवरा इंजिनियर, आम्ही अल सद्दला राहतो. दीर दीपक एसीच्या कामातला, तो अल वक्राला. बरीच वर्षं एकटाच होता, मग बायको आणि लहान मुलगी समृद्धी यांना घेऊन आला. कांचन तालुक्याच्या कॉलेजातून बी.ए. झालेली. इंग्रजी वाचता यायचं, बोलायला मात्र तोंड उघडायचं नाही. दर शुक्रवारी ते तिघं आमच्याकडे जेवायला येत. ती मला अक्का म्हणायची आणि आल्या आल्या ओट्याचा ताबा घ्यायची. मला बरंच होतं की — फुकटची स्वयंपाकीण. असं मी मैत्रिणींत बोललेही आहे. हसल्या त्या.

मग कुठे बिनसलं? माझी मुलगी इरा. इंग्रजी शाळेतली, मी मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणार, तेही फोनमधून डोकं वर न काढता. मी म्हणायची, इथे वाढणारी मुलं अशीच असतात. सगळ्यांच्या घरी तेच. आणि एका शुक्रवारी मी अंघोळ करून बाहेर आले तर स्वयंपाकघरातून इराचा आवाज — मराठीत. मोडक्यातोडक्या, लातूरच्या हेलात, 'लै' वगैरे घालून. शाळेतल्या मुली तिला डब्याच्या वेळी वेगळं बसवतात, असं ती काकूला सांगत होती. रडत सांगत होती. मला यातलं अक्षरही ठाऊक नव्हतं. रात्री तिला जवळ घेऊन विचारलं, मला का नाही सांगितलंस? तिने शांतपणे, इंग्रजीत सांगितलं की तू ऐकत नाहीस, काकू ऐकते.

त्या दिवसापासून कांचन मला डोळ्यांसमोर नको झाली. तिने काय केलं होतं माझं? पोरीचे डोळे पुसले होते. बस. पण मत्सराला कारण पुरेसं मोठं लागतं असं कोणी सांगितलं?

त्याच सुमारास ती माझ्याकडे काम घेऊन आली. दीपकने तिला सांगितलं होतं, एकट्याच्या जिवावर तिघांचं इथे निभत नाही. सुट्ट्या संपेपर्यंत काही जमलं तर बघ, नाहीतर तू आणि समृद्धी परत गावी. घराजवळच्या नर्सरीत मदतनीस हवी होती. तिथल्या बाईंना कांचन पसंत होती, फक्त आईबापांशी बोलण्यापुरतं इंग्रजी हवं, एखादा कोर्स करून ये म्हणाल्या. म्हणजे या उन्हाळ्यावर तिचं इथलं राहणं अवलंबून होतं. हे मला माहीत होतं. नीट, पूर्ण माहीत होतं.

तिची जागा खालच्या वर्गात. आंधळ्यालाही दिसलं असतं. तिथे सगळ्याच तिच्यासारख्या होत्या, वाचता येणाऱ्या आणि बोलायला बिचकणाऱ्या. तिथे ती पहिली आली असती. आणि मी — मी तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. म्हटलं, अगं बी.ए. झालेली तू, तिथे काय ए बी सी डी गिरवत बसणार? वरच्या वर्गाचं सर्टिफिकेट दाखवलंस तर नर्सरीवाली बाई उठून उभी राहील.

"अक्का, भ्या वाटालंय मला," ती म्हणाली. "मला तिथं जमल का?"

मी म्हटलं, माझा अंदाज चुकत नाही.

पुढे बरेच दिवस मी मनाशी एक सबब घोळवली. वरच्या वर्गात एक नाव कमी पडत होतं, आणि ठरलेली संख्या भरली नाही तर वर्ग रद्द होतो. ते खरं होतं. पण ते नाव मला फोनवरून सहज मिळालं असतं, दरवर्षी मिळतं. तेव्हा ती सबब राहू द्या.

वरच्या वर्गात कोण होतं? हॉस्पिटलातल्या नर्सेस, बँकेतला एक इजिप्शियन, प्रमोशनसाठी भाषा घासूनपुसून घ्यायला आलेले लोक. कांचन मेट्रोने यायची, नवी साडी नेसून, पहिल्या बाकावर बसायची. एकदा मी मुद्दाम त्या वर्गावरून गेले. दाराला काच आहे. हातात कॉफी होती. ती उभी राहून स्वतःबद्दल बोलत होती, पाठ करून आलेलं. शिक्षिकेने मध्येच काहीतरी विचारलं. कांचन थांबली, आणि म्हणाली, येस. शिक्षिकेने पुन्हा विचारलं. पुन्हा येस. मागे कोणीतरी हसलं, मग दोघंतिघं हसले. वाईट लोक नव्हते ते. मग कांचनही हसली, सगळे हसताहेत म्हणून. पदर सारखा करत खाली बसली.

मला काय वाटलं, सांगू? बरं वाटलं. काळजात गार वाटलं. कॉफी संपेपर्यंत मी तिथेच उभी होते.

इथवर थांबले असते तरी — पण थांबले नाही. त्या आठवड्यात शिक्षिका ऑफिसात आली. चांगली बाई होती. म्हणाली, ही मुलगी हुशार आहे, पण चुकीच्या वर्गात आहे, खालच्या वर्गात एक खुर्ची रिकामी आहे, आत्ताच हलवा म्हणजे तिचं नुकसान होणार नाही. सहीसुद्धा लागत नव्हती, मी हो म्हटलं की झालं. मी म्हटलं, मी सुचवून पाहिलं, पण ती ऐकत नाही. तिला तो अपमान वाटतो. आमच्याकडच्या बायका अशाच, मानापानाच्या. शिक्षिकेला ते पटलं. आमच्याबद्दल असलं काही सांगितलं की परक्यांना पटतंच.

आणि संध्याकाळी कांचनला फोन करून सांगितलं की तुझी शिक्षिका खूश आहे, चिकाटी सोडू नकोस. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच ना? तिने आणखी काही दिवस चिकाटी धरली. रोज जाऊन रोज स्वतःचं हसं करून घेतलं. मग नर्सरीतल्या बाईंनी सहज म्हणून बोलावलं, तर तिच्या तोंडून शब्द फुटेना. आधी जे थोडंफार यायचं तेही गेलं होतं. नर्सरीने दुसरी मुलगी घेतली. दीपक म्हणाला, खलास. तिकिटं काढली.

निघायच्या आदल्या दिवशी ती मला भेटायला आली. इरा तिच्या कमरेला मिठी मारून होती, सोडेना. कांचन माझ्या पाया पडली.

"अक्का, तुम्ही एवढा इस्वास ठेवला माझ्यावर. मीच कमी पडले. कॉलेजात तुमचं नाव घालवलं, माफ करा."

मी तिच्या पाठीवर हात फिरवला. म्हटलं, जाऊ दे गं, मनाला लावून घेऊ नकोस. म्हणजे बघा — मी तिला माफ केलं. मी, तिला.

त्यानंतर इरा माझ्याजवळ येईल असं मला वाटलं होतं. आली नाही. आणि मी अजूनही दर उन्हाळ्यात तेच काम करते. लोक समोर बसतात, थोडं बोलतात, आणि मी त्यांना नेमक्या जागी बसवते. एकदाही चुकले नाही.

परवा नवऱ्याने गावी व्हिडिओ कॉल लावला होता, फोन माझ्या हातात दिला. समृद्धी आता शाळेत जाते. तिला तिच्या आजोबांनी इंग्रजी शाळेत घातलं होतं, म्हणून मी विचारलं, कशी चाललीय शाळा? कांचन म्हणाली, काढलं तिला तिथून. शाळेतल्या बाई मागं पडायली म्हणत होत्या, आणि पोरं हसायच्या आधीच काढलेलं बरं. मग पोरीच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "आपल्या डोस्क्यात न्हाई शिरत इंग्रजी. रक्तातच न्हाई ते आपल्या. व्हय ना, अक्का? तुम्ही तर पाह्यलंय."

पोरगी आईच्या मांडीवर बसून माझ्याकडेच बघत होती, मी काय म्हणते ते ऐकायला.

मी म्हटलं, असू दे गं, सगळ्यांनाच कुठे जमतं.