देवाच्या कोंबड्याची रिबीन

आमच्या घरी देवाचा नंबर दूधवाल्यानंतर लागतो.

आधी दूध, मग पाण्याची मोटर, मग मम्मीचा शाळेचा डबा, मग पप्पांची इस्त्री, मग मोबाईलवर आलेली यच्चयावत नातेवाइकांची सुप्रभातं, आणि एवढ्यातून वेळ उरलाच तर देव. तोही उभ्याउभ्या! आमची सकाळची कुटुंबप्रार्थना साधारण अशी असते:

"हे आमच्या स्वर्गातल्या बापा," मम्मी डोळे मिटून सुरुवात करते, "या नव्या दिवसाबद्दल तुझे आभार मानतो, आमच्या... करुणा, शिट्टी झाली, गॅस बारीक कर... आमच्या अन्नाला आशीर्वाद दे, आणि अहो, तुमचा चष्मा फ्रिजवर आहे, आमेन!"

यातलं कुठलं आपल्यासाठी आणि कुठलं पप्पांसाठी, हे देव कसं निवडत असेल, देव जाणे.

आता मी कोण, तर कॉलेजपासून पत्रकं लिहिणारी बाई. तुंबलेलं गटार, महामार्गाची धूळ, बाजारातला कचरा, महाडातला एकही प्रश्न मी उद्गारचिन्हाशिवाय सोडलेला नाही. (निषेध करायला विषय नसला की मला कणकण येते.) मग अन्याय खुद्द आपल्या घरात होत असताना, तोही खुद्द देवावर, मी गप्प बसू? शक्य नाही! मी त्याच दिवशी पत्रक काढलं आणि फ्रिजवर चिकटवलं. 'देव आधी! या घरात देवाला मिळणारी दुय्यम वागणूक यापुढे खपवून घेतली जाणार नाही! चहाच्या आधी प्रार्थना! मोबाईलच्या आधी प्रार्थना! जागे व्हा!'

पप्पा कोर्टात कारकून आहेत. त्यांनी चष्मा शोधून ते दोनदा वाचलं.

"यात प्रतिवादी कोण?"

"तुम्ही आणि मम्मी."

"आणि वादी?"

"देव!"

"देवानं वकीलपत्र दिलंय का तुला?"

मी सभात्याग केला.

त्याच आठवड्यात कापणीच्या सणाचा रविवार आला. आमच्या छोट्या मंडळीला स्वतःचं चर्च नाही. उपासना पाळीपाळीने एकेकाच्या घरी होते आणि ती चालवणारे पाळकसाहेब एसटीने येतात. कापणीच्या सणाला मात्र सगळे आपल्या शेतातलं, परसातलं पहिलं फळ देवाला आणतात. नवा तांदूळ, दुधी, नारळ, अंडी, जिवंत कोंबडी, जे असेल ते. उपासना झाली की त्याचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात. यंदा पाळी आमच्या घराची होती. म्हणजे मोहिमेला आयती जाहीर सभा!

शनिवारी दुपारी पप्पांची मोठी बहीण, रत्ना आत्या, उमरठच्या गाडीने टोपली घेऊन उतरली. टोपलीत दोन कोंबडे. एक असा गलेलठ्ठ, तुरेबाज, की आपणच टोपली घेऊन आलोय अशा रुबाबात बसलेला. दुसरा अगदीच हाडकुळा. मोठ्याच्या पायाला लाल रिबीन बांधलेली.

"ह्यो रिबीनवाला देवाचा हाय," आत्या म्हणाली. "दुसरा कापा उद्याच्या जेवणाला. नीट ध्यानात ठेव गो."

त्या रिबिनीमागे एक कथा होती. आदल्या वर्षी मुंगसाने आत्याचं खुराडं साफ केलं होतं. एक कोंबडी तेवढी वाचली. तेव्हा आत्याने देवाला शब्द दिला, की हिची पिल्लं जगली तर त्यातला पहिला कोंबडा तुझा. मग वर्षभर तिने त्याला पोटच्या पोरासारखा वाढवला. पाहुणे आले, जावई येऊन गेला, नाताळ झाला, पण त्याच्या पिसाला कुणाला हात लावू दिला नाही.

"जावई काय बोलला असंल मनात!" आत्या म्हणाली. "पन म्हटलं, देवाचा म्हंजे देवाचा."

मी भारावले. म्हटलं, याला म्हणतात देव आधी! हे उदाहरण घरच्यांच्या तोंडावर मारायला किती छान आहे!

रविवारी सकाळी मी 'देव आधी' असा भलामोठा फलक रंगवला. ठळक लाल अक्षरं, तीन उद्गारचिन्हं. तो हॉलच्या दारावर टांगायचा तर घरात सुतळी नाही. मम्मी कांदा कापत होती.

"मम्मी, सुतळी?"

"देव आधी म्हणालीस ना? त्यालाच विचार!"

मंडळी यायची वेळ होत आलेली. मला गाणी काढायची होती, सतरंज्या घालायच्या होत्या, पत्रकं मोजून ठेवायची होती. शिवाय धूळविरोधी गटाचा फोन कानाला होताच. तशीच फोनवर बोलत बाथरूमपाशी आले. आत रात्रीपासून कोंडलेले दोन कोंबडे. एकाच्या पायाला छान, लांब, मजबूत लाल रिबीन. फलकाच्या अक्षरांना मॅचिंग!

(वाचकहो, ओरडू नका. ऐकू येतंय मला.)

म्हटलं, सुतळी मिळाली की लगेच परत बांधू. रिबीन सोडली, फलक टांगला, दोन पावलं मागे जाऊन पाहिला. काय सुंदर दिसत होता! मग सुतळी विसरले, रिबीन विसरले आणि कोंबडाही विसरले. दारात उभी राहून शेजाऱ्यापाजाऱ्यांना पत्रकं वाटत बसले. तेवढ्यात पप्पा माझ्या शेजारून पिशवी घेऊन बाहेर गेले आणि थोड्या वेळाने पिशवी घेऊन आत आले. मी त्यांच्याही हातात एक पत्रक दिलं.

उपासना रंगली. गाणी झाली, वाचन झालं, पाळकसाहेबांनी पहिल्या फळावर संदेश दिला. आतून रश्श्याचा असा वास सुटला होता, की 'आमेन' नेहमीपेक्षा फार मनापासून येत होतं. मग लिलाव सुरू झाला. पाळकसाहेब स्वतः बोली पुकारतात आणि त्या कामात त्यांचा आवाज संदेशापेक्षाही चढतो. तांदूळ गेला, नारळ गेले, एका दुधीवरून दोन काकूंची चांगलीच जुंपली. शेवटी आत्या पदर सावरून उठली.

"करुणे, आन गो माझा कोंबडा!"

मी बाथरूमचं दार उघडलं. आत एकटा हाडकुळा बसला होता.

तो माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघत होते. स्वयंपाकघरातून वास येतच होता.

"पप्पा," मी हळूच हाक मारली, "सकाळी तुम्ही कुठला कोंबडा नेलात?"

"रिबीन नसलेला."

"पण रिबीन..."

"दोघांनाही नव्हती! मग म्हटलं, घरी एवढी माणसं जेवणार. जो मोठा तो नेला. सद्हेतूने!"

एव्हाना आत्या माझ्या मागे येऊन उभी होती. आत्याने हाडकुळ्याकडे पाहिलं, मग आतल्या पातेल्याकडे पाहिलं आणि मग तिची नजर दारावर गेली. ती फलकापाशी गेली, मागोमाग मी. रिबीन बोटात धरून पाहिली. मला वाटलं, आता जमीन दुभंगेल तर बरं. पण आमच्या हॉलला लादी नुकतीच बसवली होती.

"ही माझी रिबीन," आत्या म्हणाली. "देवाच्या पायातली काढून देवाच्या नावाला बांधलीस व्हय?"

तिने एका झटक्यात गाठ सोडली. 'देव आधी' धाडकन माझ्या अंगठ्यावर पडलं.

मी ओरडले, पण माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. आत्याचे डोळे भरून आले होते. "मुंगसापासून वाचवला, जावयापासून वाचवला. आता देवाला काय सांगू मी? शबूद दिलेला हाय गो."

मंडळीतून सूचना येऊ लागल्या. एक काका म्हणाले, रस्साच लिलावाला काढा. पप्पा म्हणाले, पुढची तारीख मागून घेऊ. मम्मी पदराला हात पुसत बाहेर आली आणि मला म्हणाली, "लिही आता पत्रक!" मी आयुष्यात पहिल्यांदाच निषेध केला नाही. आत्याचा हात धरला आणि म्हटलं, "आत्या, चुकले गं. तू सांगशील ते करते."

आत्याने नाक पुसलं. माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, बाजारात पाहतात तसं.

"भावाचं पह्यलं पोर ना तू?"

"पहिलं आणि एकुलतं," मी म्हटलं.

"मंग झालं!" म्हणत तिने ती लाल रिबीन माझ्या मनगटाला करकचून बांधली. "पाळकसाहेब, कोंबड्याच्या जागी हीच. आठवडाभर ज्याच्या घरी जाईल त्याचं काम करील. पुकारा!"

पाळकसाहेबांना हसू आवरेना. "करुणा," त्यांनी आवाज लावला, "वय तरुण, आवाज दणदणीत! बोला मंडळी!"

मंडळी बोलेना. दुधीसाठी भांडलेल्या दोघींपैकी एका काकूंनी विचारलं, "हिला स्वयंपाक येतो का?"

सगळ्यांनी मम्मीकडे पाहिलं.

"आज रविवार आहे," मम्मी म्हणाली, "मी खोटं बोलणार नाही."

मग हॉलमध्ये जे हसू फुटलं, त्यात आत्याही होती. डोळे पुसत, पोट धरून. शेवटी तिनेच बोली लावली आणि मला सोडवून घेतलं. माझी बोली दुधीपेक्षा कमी होती, हे मी नमूद करते. हाडकुळा कोंबडा तर दोघांपेक्षा महाग गेला! जेवणं मात्र झकास झाली. इतक्या भक्तिभावाने कोंबडा खाताना मी माणसं पाहिली नव्हती. पाळकसाहेबांनी रस्सा दोनदा घेतला.

आठवडाभर मी आत्याच्या वाडीत खुराडं झाडलं, शेण काढलं, पाणी भरलं. आत्या म्हणजे कामाला वाघीण. पण पहाटे चूल पेटायच्या आधी ती पायरीवर बसते, हात जोडते आणि देवाशी निवांत बोलते. तिकडे म्हैस हंबरते, कोंबड्या पायात येतात, ती डोळे उघडत नाही. आणि तिच्या दारावर फलक नाही. मीही शेजारी डोळे मिटून बसत होते. पहिले दोन दिवस झोपेमुळे, नंतर खरोखर.

निघताना खुराड्यात एक नवा, तरणा कोंबडा दिसला. पुढच्या सणाचा. त्याच्या पायात काहीच नव्हतं.

"आत्या, याला रिबीन नाही बांधलीस? देवाचा कसा ओळखायचा?"

"सांगनार नाय," आत्या म्हणाली आणि माझ्यासमोरच खुराड्याला कुलूप घातलं.

"आत्या! अगं, मी काय मुंगूस आहे?"

आत्याने किल्ली कमरेला खोचली.

"मुंगूस परवडला गो. त्यो आदी पत्रक नाय वाटीत!"