आबाचा हात आणि आमचा भागवत मास्तर

भागवत मास्तरचा मी आयुष्यभर हेवा केला. आज दुपारी त्याला अग्नी देऊन आलो, तरी तो हेवा विझलेला नाही.

युसूफ वडगाव या गावच्या शाळेत भागवत चित्रकला शिकवायचा आणि केजच्या एका साप्ताहिकात व्यंगचित्रं काढायचा.

मी व्यासपीठावरचा माणूस. जिल्ह्यात असं गाव नसेल जिथं मी माईक धरून गरजलो नाही. कपाटभर पुस्तकं वाचून, घसा फोडून बोललो.

लोक टाळ्या वाजवायचे. मग जेवायला जायचे.

भागवतनं एक म्हातारा काढला. खांद्यावर घोंगडं, मागं शेळ्या. नाव नुसतं आबा.

समोर पुढारी हात जोडून म्हणतोय, "आबा, यंदाबी आमालाच."

आबानं मोकळा हात पुढं केलाय. तळवा वर, बोटं पसरलेली. फुग्यात एकच शब्द.

"कावून?"

माझ्या दीड तासाच्या भाषणात जे मावत नव्हतं, ते त्या एका 'का म्हणून'मध्ये होतं. मी अंक दुमडून बाजूला ठेवला. समोरचा चहा तसाच राहिला.

मग कुणीतरी ते चित्र मोबाईलवर कापलं. पुढारी गेला, फुगा गेला. उरला आबा आणि त्याचा हात.

आपल्याकडं असा हात केला की कुणीही सांगेल, माणूस विचारतोय: का म्हणून? कोणत्या तोंडानं?

पुण्यामुंबईच्या लोकांना तो हात हताश वाटला. त्यांनी खाली लिहिलं, "असू द्या."

झालं. मीम.

पगार लांबला, असू द्या. मॅच हरली, असू द्या. ब्रेकअप झालं, असू द्या.

प्रश्न विचारणारा म्हातारा महाराष्ट्रभर सगळं सोसायला शिकवत फिरला.

भागवतनं मूळ चित्र फेसबुकवर टाकलं. कुणी बघितलं नाही. मग आबा नव्यानं काढला, शब्द चांगला ठळक करून. खाली कॉमेंट आली: "छान प्रयत्न काका. पण ओरिजिनल आबाची मजा नाही."

ती त्यानं मला वाचून दाखवली. मला हसू आलं. त्याला नाही.

निवडणुकीच्या दिवसांत आम्ही मांजरसुंब्याच्या चौकात चहाला थांबलो होतो. समोर फ्लेक्स चढत होता. उमेदवाराचा फोटो, शेजारी आबा. "असू द्या, पुन्हा साहेबच."

भागवत उठला आणि दोरी बांधणाऱ्या गड्यापाशी गेला.

"हा आबा माझा हाय."

"मामा, ह्यो नेटवरचा हाय," गडी शिडीवरूनच म्हणाला. "सगळ्याचाच हाय."

"त्यो असू द्या म्हणत न्हाई. कावून म्हणतो."

"मग मला कावून सांगता? सायबाला सांगा."

भागवत परत येऊन बसला. चहावर साय धरली होती. ती बोटानं बाजूला करत म्हणाला, "तुझं बरं हाय बे, वक्ते. तुझं भाषण तुझंच ऱ्हातंय."

टोमणा नव्हता तो. त्याला खरंच माझा हेवा वाटत होता.

मी काय सांगणार होतो? की माझं भाषण माझंच राहतं, कारण ते कुणाला नकोच असतं? माझं एखादं वाक्य कुणी चोरावं, मोडावं, पार उलट्या अर्थानं वापरावं, पण तोंडात ठेवावं, इतकीच माझी इच्छा होती.

मला त्याचं दुःखसुद्धा हवं होतं.

काल संध्याकाळी हार्ट अटॅकनं भागवत गेला.

आज सकाळी त्याच्या ओट्यावर बसून मी मित्रांच्या ग्रुपवर बातमी टाकली. पहिलं उत्तर आलं ते आबाचा स्टिकर. आता त्याला शब्दही लागत नाहीत. नुसता हात.

पाठवणारा पुण्याचा. भागवत गेला, असू द्या.

माझं डोकं सणकलं. मी त्याची सात पिढ्यांसकट खरडपट्टी लिहायला घेतली. लिहिता मला येतंच.

भागवतची बायको, सुमनवहिनी, शेजारी बसल्या होत्या. त्यांनी मोबाईल माझ्या हातातून घेतला आणि स्टिकरकडं बघत राहिल्या.

"बघा भाऊजी," त्या म्हणाल्या, "आबाबी तेच इचारायलाय. कावून गेले म्हनून."

मी लिहिलेलं सगळं पुसलं.

दुपारी स्मशानात मला दोन शब्द बोलायला लावलं. बोललो. चांगलंच बोललो. लोक माना हलवत होते. गावात परत येईस्तोवर त्यातलं एक वाक्य कुणाच्या तोंडात नव्हतं.

भागवत, सगळा मुलूख चुकला तरी तुझं चित्र बरोबर वाचणारं एक माणूस तुझ्या घरातच होतं. तेही तुलाच मिळालं.

जा मास्तर. शेवटचा रामराम.