वाळू आहे तोवर

माझ्या खणात छापून आलेली कात्रणं कधी टिकली नाहीत. टिकलं ते सगळं न छापलेलं. पेपरचं डेस्क विचारतं, "सर, यात बातमी कुठंय?" मी भांडतो, हरतो आणि कागद खणात टाकतो. अर्धा खण एकट्या यशवंत महाराजांचा आहे.

महाराज भडगावकडचे कीर्तनकार, माझे कॉलेजचे वर्गमित्र. सप्ताह असो, दुकानाचं उद्घाटन असो की नव्या ट्रॅक्टरची पूजा, महाराज हवेतच. तारखांची डायरी त्यांचा कारभार बघणाऱ्या शांतारामभाऊंकडे. तिच्यात एक पान कोरं राहिलं तरी शांतारामभाऊंना जेवण जात नाही!

*

नरडाण्याजवळच्या एका गावात कीर्तन संपलं. गावातल्या गिरजाआजी पाया पडून उठल्या आणि सगळ्यांसमोर अहिराणीत म्हणाल्या, "महाराज, हाई बठ्ठं आम्हले पाठ शे. आते पोथी वाचतस का नही?"

लोक हसले. महाराजही हसले. गाडीत मात्र म्हणाले, "म्हातारीने पकडलं रे मला. लोकांना माझं सगळं पाठ झालंय. सात महिने पोथी उघडलेली नाही. जुन्या वाचनावर दिवस काढतोय. असंच चाललं तर एक दिवस मी नुसता भोंगा उरेन. मला रोज एक तास हवा. वाचन आणि मौन. बाकी काही नको."

पुढच्या सीटवर शांतारामभाऊंनी डायरी उघडली. "जमवू की! गुरुवारी सकाळी नऊ ते दहा. उद्घाटनाला कोणाला बोलवायचं?"

*

गुरुवारी मी महाराजांच्या घरी पोचलो तर दारात फ्लेक्स! 'महाराजांचे मौन. दर्शनाचा लाभ घ्यावा.' वर दोन भोंगे. एक कार्यकर्ता माइकवरून अखंड ओरडतोय, "शांतता राखा! महाराज मौनात आहेत! पांढऱ्या गाडीवाल्यांनी गाडी काढा!"

माझं डोकं फिरलं. मी जाऊन वायरच उपटली. कार्यकर्ता अंगावर आला. "तुम्ही धर्माच्या विरोधात आहात का?"

"भोंग्याच्या विरोधात आहे!"

जुंपणारच होती, तेवढ्यात आतून चिठ्ठी आली. महाराजांचंच अक्षर. 'वायर पुन्हा जोडू देऊ नकोस.'

*

मग एका भक्ताने वाचनासाठी स्वतंत्र खोली बांधून दिली. टेबल, दिवा, काचेचं कपाट. काही महिन्यांनी गेलो तर टेबलावर सत्काराच्या शालींचा ढीग, कपाटात सत्काराचे नारळ. महाराज बाहेर भक्तांच्या गराड्यात.

वहिनींनी कपाट उघडून दाखवलं. "बघा भाऊजी, खोली कामी आली. नारळांना कोंब फुटले!"

*

जळगावला महाराजांची धोतरं घ्यायला आम्ही दोघं गेलो होतो. पारसभाऊ जैन यांच्याकडे. पणजोबा राजस्थानातून आले तेव्हापासूनचं कापडाचं दुकान. त्या दिवशी दुकानात लग्नाचा बस्ता, नुसता गलका. आणि शेठ मागच्या खोलीत सामायिकाला, म्हणजे जैनांच्या ध्यानाला बसलेले! तोंडावर मुहपत्तीचं कापड, समोर ग्रंथ, शेजारी वाळूची घडी, काचेचं वाळूचं घड्याळ. वाळू संपेपर्यंत, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं, उठायचं नाही, व्यवहाराचं बोलायचं नाही.

वधूपिता तडकला. "शेठ कुठेत?"

शेठच्या मुलाने घडीकडे बोट दाखवलं. "वाळू आहे अजून."

वधूपिता मुकाट बसला! महाराजही बसले, पडणाऱ्या वाळूकडे बघत. शेठ उठल्यावर महाराज म्हणाले, "धोतरं राहू द्या. ही घडी कुठे मिळते तेवढं सांगा."

पारसभाऊंनी तीच हातात दिली. "महाराज, तुम्हाला कोणाला 'नाही' म्हणता येत नाही, हे आख्ख्या जिल्ह्याला माहीत आहे. तुम्ही म्हणूच नका. वाळूला म्हणू द्या."

*

यंदा गिरजाआजींच्याच गावात काल्याचं कीर्तन होतं. महाराज आजींकडेच उतरलेले. सकाळीच पोथी घेऊन आतल्या खोलीत बसले. आजी घडी मांडीवर घेऊन दाराशी. मी शेजारी. शांतारामभाऊंना मांडवात पिटाळलं होतं.

सरपंच आले. "आजी, मांडव भरी गया!"

आजींनी घडी उचलून दाखवली. "रेती शे अजून." सरपंच परतले.

थोड्या वेळाने शेवटचा कण पडला. आजी उठल्या, दाराच्या फटीतून आत बघितलं. मीही बघितलं. महाराजांचं बोट ओळीवर होतं, ओठ हलत होते. आपल्याकडे कोणी बघतंय याचा पत्ता नव्हता.

आजी परत येऊन बसल्या आणि त्यांनी घडी उलटी केली.

सरपंच धावतच आले. "आजी, आते तर उठाडा! पंगतन्या बट्ट्या थंड्या व्हई रायन्यात!"

"देख ना भाऊ. रेती शे अजून."

सरपंचांना संशय आला. ते माझ्याकडे वळले. "तुम्ही पेपरवाले. तुम्ही तरी खरं सांगा."

मी घडीकडे नीट बघितलं.

"आहे की वाळू," मी म्हणालो.