चुलीवर टांगलेला नाला

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही. जिला मी सगळं सांगते असं तिला वाटतं, त्या मैत्रिणीलाही नाही. तशी मी फार बोलणारी नव्हेच. वर्गात बाईंनी प्रश्न विचारला की माझी नजर बाकावरच्या शाईच्या डागावर जायची — उत्तर येत असलं तरी. त्यामुळे मी काही लपवतेय हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. गप्प माणसाची ही सोय असते.

मराठीत लिहितेय, त्यालाही कारण आहे. माझी शाळा गोंदियातली, इंग्रजी माध्यमाची. दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. मराठी लिहायची सवय हाताला उशिरा लागली. म्हणून हे आधी इंग्रजीत लिहून पाहिलं, दोन-तीनदा. दरवेळी त्या वाक्यांतून मीच नाहीशी व्हायचे. नोंदी घेण्यात आल्या. सरासरी काढण्यात आली.

कुणी काढली?

मी काढली. थांबा, जरा मागून सांगते.

सालेकशाच्या पुढे जंगलात एक नाला आहे. पीएचडीसाठी मी तो धरला होता. ही गोष्ट दोन हजार अकरा-बाराच्या सुमाराची. नाल्यातला दगड उचलायचा, उलटा करायचा, खाली चिकटलेले बारीक किडे मोजायचे. पाणी तापायला लागलं की त्यातल्या काही जाती आधी नाहीशा होतात. उन्हाळा लांबत चाललाय, तसं नाल्यातलं कोण टिकतं आणि कोण जातं, एवढाच माझा प्रश्न होता. मला तो आवडायचा. किड्यांशी बोलावं लागत नाही.

पाण्याचं तापमान मोजायला एक डबी होती. औषधाच्या बाटलीच्या झाकणाएवढी. दर तासाला ती आपली आपण नोंद करायची. प्लास्टिकच्या पाइपच्या तुकड्यात घालून, नायलॉनच्या दोरीने काठावरच्या अर्जुनाच्या झाडाच्या मुळाशी बांधून मी ती पाण्यात सोडली होती. अशा तीन होत्या. दोन पावसाळ्यात वाहून गेल्या. उरलेली ही एक.

तिच्यावर लक्ष ठेवायला मी रेवंताबाईंना सांगितलं होतं. नाल्याच्या सगळ्यात जवळचं घर त्यांचं. पन्नाशीच्या, एकट्या राहणाऱ्या; धुणं, भांडी, आंघोळ, सगळं त्या नाल्यावर. मी त्यांना मावशी म्हणायचे, त्या मला मॅडम. महिन्यातून एकदा मी बसने यायचे, डबीतल्या नोंदी उतरवून घ्यायचे आणि त्यांच्याकडे काळा चहा पिऊन परत जायचे.

त्या वर्षी मोहाचा हंगाम संपल्यावर गेले. डबी पाण्यातच होती, जागेवर. दोरी सोडली तर हाताला काजळी लागली. पाइप नाकाशी नेला — धुराचा वास. पाण्यातल्या वस्तूला धुराचा वास कसा येईल? मी विचारलं. मावशींनी सरळ सांगितलं, जरा अभिमानानेच.

"मोहाखालचा पाला जाळते ना लोक, फुलं दिसाले पायजे म्हणून. आग काठापर्यंत आली. तुमची दोरी जळली असती, मॅडम. मंग मी घरी नेली. बावीस दिवस होती. चुलीच्या वर टांगली, बियांच्या बाजूले. तिथं उंदीर बी नाही चढत."

चुलीच्या वर. दोडक्याचं, भोपळ्याचं बी पुढच्या वर्षासाठी जिथे धुरात राखून ठेवतात, तिथे. त्या घरातली सगळ्यात जपायची जागा ती. त्यांनी माझी डबी तिथे ठेवली होती, आणि मी यायच्या आदल्या दिवशी आठवणीने परत पाण्यात सोडली होती.

"बरं केलंत, मावशी," मी म्हटलं.

गोंदियाला येऊन आलेख काढला. त्या बावीस दिवसांत दुपारचा चढ होताच, पण आणखी दोन टोकं होती. एक भल्या पहाटे, एक दिवेलागणीला. कुठला नाला पहाटे तापतो? ते मावशींच्या भाताचं आणि भाजीचं तापमान होतं. इतकं स्वच्छ दिसत होतं की कुठल्या दिवशी त्यांनी संध्याकाळी चूल पेटवली नाही, तेही सांगता आलं असतं. असा एक दिवस होता. त्या उपाशी झोपल्या होत्या की आजारी होत्या, मी कधी विचारलं नाही.

ते बावीस दिवस खोडून टाकायला हवे होते. मग माझ्या उन्हाळ्याला मधोमध भोक पडलं असतं. त्यासाठी आणखी एक वर्ष लागलं असतं. आणि माझ्या मार्गदर्शक सरांना सांगावं लागलं असतं — समोर उभं राहून, तोंडाने. कशाची भीती जास्त होती, वर्षाची की त्या दोन वाक्यांची? आज मला वाटतं, वाक्यांचीच.

मी दिवसाची सरासरी काढली. सरासरीत टोकं बुजतात. चूल दिसेनाशी झाली, उरला एक तापलेला नाला. तासातासाच्या नोंदींची मूळ फाइल मी पुसून टाकली. किडे कमी झाले होते ते खरं होतं. माझ्या हातांनी मोजले होते. दोन्ही आकडे शेजारी ठेवले तर ते एकमेकांना शोभून दिसत होते. सर म्हणाले, सुंदर.

नाला तापत नाही, असं मी म्हणत नाही. तापत असेल. पण किती, ते मला माहीत नाही, आणि मला माहीत आहे असं मी छापून दिलंय. दुसऱ्यांच्या लेखात तो आकडा दिसतो तेव्हा मी उठून उगाच पाणी पिऊन येते. परत बसते. परत उठते.

पण एवढंच असतं तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं. खरी गोष्ट पुढे आहे, आणि मी अजून तिच्याभोवतीच फिरतेय.

पदवी मिळाल्यावर सर म्हणाले, गावाला निष्कर्ष सांगायला हवेत. शाळेच्या व्हरांड्यात पंचवीस-तीस माणसं जमली. मी भिंतीवर तक्ता लावला आणि पाठ केलेलं बोलले. मोहाच्या दिवसांतली ती तापलेली रेघ बोटाने दाखवली. मागून मावशी उठल्या.

"एवढं गरम नोहोतं पानी, मॅडम. रोज पाय टाकतो मी त्यात. मोहाच्या दिवसांत तं थंडगार राहते, अर्जुनाच्या सावलीत."

पुढे बसलेला एक जण मागे न वळताच म्हणाला, "काकी, तुमचे पाय हायेत का थर्मामीटर?" माणसं हसली.

मला तेव्हा गप्प राहता आलं असतं. आयुष्यभर गप्प राहिलेली मुलगी मी. पण त्या दिवशी मी बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मावशी, पायाला वाटतं ते वेगळं. यंत्र खोटं बोलत नाही."

त्या खाली बसल्या.

नंतर मला रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. नेहमीच यायच्या. बसची वाट बघत उभ्या असताना खालच्या आवाजात म्हणाल्या, "मॅडम, ते डब्बी माह्या घरी होती, तेच दिवस तं नोहोते ना ते?"

म्हणजे त्यांना कळलं होतं. तक्ता न वाचता कळलं होतं. आणि चारचौघांत त्या ते बोलल्या नव्हत्या. रस्त्यावर कुणी नाही हे बघून विचारत होत्या. मी नुसतं हो म्हणायचं होतं. ऐकायला आम्हा दोघींशिवाय तिथे कुणी नव्हतं.

"नाही, मावशी," मी म्हटलं. "ते दुसरे दिवस."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली. विश्वास ठेवला, की ठेवल्याचं दाखवलं — हे मी किती वेळा उलटसुलट करून पाहिलंय.

"मंग माहीच चूक झाली," त्या म्हणाल्या. "काऊन तोंड घातलं मी मधात, तुमच्या कामात. राग नका धरू, पोरी."

बस आली. मी पायरीवर चढले, वळले आणि म्हटलं, "असू द्या, मावशी. मी नाही धरला राग."

मी त्यांना माफ केलं.