माझा खरा वाढदिवस माहीत असलेले सर

माझा खरा वाढदिवस माहीत असलेला शेवटचा माणूस आज सकाळी गेला.

आई चार वर्षांपूर्वी गेली. आज सर.

तुम्ही सगळे मला 1 जुलैला केकचे फोटो पाठवता ना, ती तारीख गुरुजींनी ठोकलेली आहे. मुर्रीच्या, म्हणजे आमच्या गावच्या शाळेत आमचा अर्धा वर्ग 1 जुलैचाच. धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहिले, म्हणून मी शाळेत उशिरा गेले. त्यात बुटकी. गुरुजींनी उंची पाहिली आणि वय दोन वर्षं कमी लिहिलं.

पुढे याच उंचीवर सर खूश झाले.

सर गोंदियाला एका शाळेत पीटी शिकवायचे. शाळा सुटली की आम्हा मुलींना जिम्नॅस्टिक्स. तणस, म्हणजे धानाचा पेंढा, भरलेल्या गाद्या आणि एक बीम, तोही ओळखीच्या सुताराकडून करून घेतलेला. मी मुर्रीहून सायकलने जायची.

2003 साल. बारा वर्षांखालच्या गटात मी विभागात पहिली आले. पुढे स्टेट. तिथे मेडल म्हणजे स्पोर्ट्स होस्टेल, खरी मॅट, खरा बीम. मी बॅगसुद्धा भरून ठेवली होती.

सर आईची सही घ्यायला घरी आले. आईने चहा दिला आणि कौतुकाने सांगून टाकलं, "हे तं भीमजयंतीच्या दोन दिवस पयले झाली, सर. आमचं विहार बांधलं न, त्याच साली."

सर अर्धा चहा ठेवून उठले. विहारापर्यंत चालत गेले. तिथल्या भिंतीवरच्या फरशीत साल कोरलेलं आहे. ते वाचलं आणि बोटांवर मोजलं.

मला तेरा पूर्ण झाली होती.

मी म्हटलं, सर, दाखल्यावर तं अकराच आहे.

ते म्हणाले, "अब मेरेको मालूम पड गया न, बेटा."

बस, एवढंच. माझ्या जागी दुसऱ्या नंबरवरची सालेकशाची पोरगी गेली. खरीखुरी अकराची. तिला मेडल मिळालं नाही. मला मिळालं असतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगते.

महिनाभर मी प्रॅक्टिसला गेले नाही. सगळा राग आईवर काढला. ती बिचारी कपाळाला हात लावून म्हणायची, मी कायले बोलली.

मग एका सोमवारी सर सायकलवर आले. आईला घेऊन माझ्या जुन्या शाळेत गेले, तारीख दुरुस्त करायला. हेडमास्तर म्हणाले, रजिस्टरला हात लावता येत नाही.

परत येऊन सर मला म्हणाले, "कागद नाही बदलत तं राहू दे. तू वरच्या गटात खेळ. वर खेळाले कोणी अडवत नाही."

पहिल्या वर्षी वरच्या गटात मी शेवटून दुसरी. खूप रडले. पण कोणी वय विचारेल ही भीती नव्हती, तेव्हाही नाही आणि नंतरही कधी नाही.

तिसऱ्या वर्षी स्टेटला चौथी आले. म्हणजे घरात स्टेटचं मेडल एकही नाही.

आता मी स्वतः पोरींना शिकवते. दाखला नंतर बघते. आधी पोरीच्या आईला विचारते, ही कोणत्या साली, कोणत्या दिवसांत झाली.

आणि दरवर्षी 12 एप्रिलला सकाळी सरांचा फोन यायचा. "जयभीम, मुर्री. आज किती पूर्ण?" मी खरं वय सांगायची. "बराबर," म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. हॅपी बर्थडे वगैरे काही नाही.

सर, तुमच्यावर रुसायला वेळ काढला, थँक्यू म्हणायला नाही काढला. आज म्हणते. तुमच्यामुळे मला माझं वय कधी लपवावं लागलं नाही.

शाळेचं रजिस्टर अजून तसंच आहे. पण आत्ताच इथे प्रोफाइलवरची तारीख बदलली. एका मिनिटात दोन वर्षांनी मोठी झाले.

बराबर ना, सर?

शेवटचा जयभीम.